डावीकडचा सलाम

दापोलीची एसटी वळणावर येऊन उभी राहिली, तरी अम्मा माझ्या ट्रंकेवर बसलेलीच होती. ती उठल्याशिवाय ट्रंक टपावर जाणार नव्हती आणि ती काही उठत नव्हती. कंडक्टरने दोनदा घंटा मारली. अम्मा त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "हे बडोदा कुठल्या अंगाला आलं रे?"

तिचा प्रश्न वाजवी होता. खाडीकाठच्या आमच्या गावात घर सोडून जाणं ही काही बातमी नव्हती. आधीच्या पिढ्या बोटीवर गेल्या, माझे चुलतभाऊ मस्कत-कुवेतला गेले. पण विमानात न बसता, पासपोर्ट न काढता, कुणी बडोद्याला चाललाय हे गावाला पटत नव्हतं. नव्वदीची सुरुवात होती, गुजरातेत नवे कारखाने निघत होते. रंग बनवणाऱ्या एका कंपनीला प्रयोगशाळेत माणूस हवा होता आणि माझ्याकडे केमिस्ट्रीची ताजी पदवी होती.

"नमाजेला उभी राहिलीस ना, की उजव्या हाताला," मी म्हणालो. "सरळ वर."

तिने समुद्राकडे तोंड केलं, उजवा हात लांब करून बघितला, मग उठली. ट्रंक वर गेली. मी खिडकीत बसलो तेव्हा खालून म्हणाली, "बाकी तुझं तू बघ. माझ्या जनाज्याला खांदा द्यायला तरी ये."

मी हसून हो म्हटलं. तेविसाव्या वर्षी असलं काहीही कबूल करता येतं.

बडोद्यात मला रावपुऱ्यात माडीवरची खोली मिळाली, ती माझ्या मराठीमुळे. घरमालकीण मधुताई निवृत्त शिक्षिका. त्यांचे आजेसासरे संस्थानच्या कचेरीत होते, आणि ते काल-परवाच कचेरीतून परतल्यासारखं त्या सांगत. माझं नाव ऐकून क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "मराठी शुद्ध आहे तुझी. बेस." अट एकच, घरात मासळी शिजवायची नाही. शिजवली कधीच नाही. पण अम्माने दिलेलं सुक्या जवळ्याचं पुडकं ट्रंकेच्या तळाशी होतं. मी ट्रंक उघडली की ताई खालून विचारत, "काय रे, गावची आठवण काढतोयस वाटतं?"

ऑफिसात मी मराठी म्हणून ओळखला जाई आणि मशिदीत कोकणी म्हणून. आम्ही कोकणातले शाफई पंथाचे, इथले बहुतेक हनफी. अल्ला एक, कुराण एक, नमाजही तीच. फक्त काही रीती वेगळ्या. मी रुकूत जाताना, म्हणजे कमरेत वाकताना, हात उचलायचो आणि शेजारचा माणूस डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा. मला वाटे, फरक काय तो एवढाच.

चौथ्या वर्षी फतेगंजच्या चौकात मी स्कूटरवरून पडलो. डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. पंधरा दिवसांनी, एका गुरुवारी सकाळी, ताईंच्या फोनवर माझ्या आपाचा, थोरल्या बहिणीचा, फोन आला. अम्मा पहाटे गेली होती. दुपारच्या नमाजेनंतर मिट्टी, म्हणजे दफन, होतं. आमच्यात मय्यत थांबवत नाहीत, आणि धडधाकट असतो तरी बडोद्याहून दुपारपर्यंत मी काही गावात उगवलो नसतो. पण हे मनाला कोण समजावणार? एकच वचन दिलं होतं, तेही खांद्याचं, आणि माझ्या खांद्याखाली कुबडी होती.

ताई माडीवर आल्या, पाण्याचा पेला हातात दिला आणि माझ्या ट्रंकेवर बसून राहिल्या. त्यांच्या त्या बसून राहण्याचं मला अजून बरं वाटतं.

त्या दिवशी मला एकाच गोष्टीचा आधार होता. लहानपणी आमच्या गावात असं सारखं व्हायचं. कुणी खलाशी दूरच्या बंदरात वारायचा, कुणी कुवेतला. तार यायची आणि जुम्म्यानंतर मौलाना सांगायचे, अमक्याची गायबाना नमाज आहे, थांबा. समोर जनाजा नसायचा, मोकळी चटई असायची, आणि अख्खं गाव सफा, म्हणजे रांगा, लावून त्या माणसाला निरोप द्यायचं. मला वाटे, जगात सगळीकडे असंच करतात.

शुक्रवारी रिक्षाने मशिदीत गेलो आणि मौलवीसाहेबांना म्हटलं, जुम्म्यानंतर माझ्या अम्माची गायबाना नमाज ठेवा. ते म्हातारे, डभोईकडचे, हळू बोलणारे. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "भाई, अमारामां ए नमाज नथी." जनाजा समोर हवा, असं हनफी मानतात. पैगंबरांनी दूर आफ्रिकेत, हबशात वारलेल्या बादशहाची नमाज मदिनेत पढली होती, पण ती पैगंबरांपुरती खास बाब, असं हनफींचं म्हणणं.

मी चिडलो. नको ते बोललो. रोजची नमाज मी खुर्चीवर बसून पढत होतो, कारण वाकता येत नव्हतं. जनाज्याच्या नमाजेत ना रुकू ना सजदा, सगळी उभ्याने. म्हणजे मला धड पढता येईल अशी एकच नमाज उरली होती आणि तीच हा माणूस मला देत नव्हता. त्यांना तसंच सोडून निघून आलो आणि पुढचे चार दिवस मशिदीचं तोंड बघितलं नाही.

बुधवारी संध्याकाळी जिन्यावर थांबत थांबत पावलं वाजली. मौलवीसाहेब होते, काखेत कापडात गुंडाळलेली किताब. मागून ताई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. मौलवीसाहेबांनी किताब उघडली, बोट ठेवून वाचलं आणि मग मला समजेल असं सांगितलं. शाफईंच्या मते मय्यत दुसऱ्या गावी असेल तर तिची नमाज पढता येते. दफन होऊन गेलं तरी, दिवस उलटले तरी. तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला; चार तकबीर, म्हणजे चारदा अल्लाहु अकबर; बाकी सगळं तसंच. फक्त पढणारा माणूस ती गेली त्या दिवशी जाणता असला पाहिजे.

"अमारामां नथी," ते म्हणाले, "पण तमारामां छे. तमारी मां छे, तमारो हक छे." मी काही बोलायच्या आधी पुढे म्हणाले, "हुं इमाम नहीं बनुं. तमे बनजो."

मी उभ्या जन्मात कधी इमामत केली नव्हती, पुढे उभं राहून कुणाला नमाज पढवली नव्हती. तसं म्हटलं तर दारातून ताई म्हणाल्या, "आईसाठी करायचंय ना? मग येईल."

शुक्रवारी जुम्मा झाल्यावर मौलवीसाहेबांनी मला अंगणात नेलं. तिथे तीन अनोळखी माणसं वजू करून, हातपाय धुऊन उभी होती. केरळची. फतेगंजला त्यांचं टायरचं दुकान होतं, आणि ते शाफई असल्याचं मौलवीसाहेबांनी चौकशी करून शोधून काढलं होतं. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. मी पुढे उभा राहिलो, कुबडी काखेत, समोर उन्हात रिकामी फरशी. दर तकबिरीला अल्लाहु अकबर म्हणून मी हात उचलायचो आणि मागे तीन जोड्या हात माझ्याबरोबर उचलल्याची सळसळ ऐकू यायची. इतक्या वर्षांत बडोद्यात माझ्यासारखे हात उचलणारे मला पहिल्यांदाच भेटत होते.

चौथी तकबीर झाली. नमाज संपवताना फेरतात तसा मान वळवून उजवीकडे सलाम फेरला, मग डावीकडे. डावीकडे मान वळवल्यावर लक्षात आलं की पश्चिमेला तोंड करून उभ्या असलेल्या माणसाची डावी बाजू म्हणजे दक्षिण. त्या भिंतीच्या पलीकडे, सरळ खाली गेलं की आमचं गाव. मी रडलो, आणि मला मोकळं वाटलं.

वळून बघतो तर खांबाशी मौलवीसाहेब आणि बरेच जुम्म्याचे लोक अजून थांबलेले. सफेत कुणी आलं नव्हतं, पण सगळ्यांचे तळवे दुआसाठी उघडे होते. "नमाज नथी," मौलवीसाहेब म्हणाले, "दुआ तो छे ने." मी त्यांची माफी मागितली. त्यांनी माझी कुबडी सरळ करून दिली. फाटकाबाहेर रिक्षात मधुताई बसून होत्या.

प्लास्टर निघाल्यावर गावी गेलो, कबरीवर उभा राहिलो. परतताना आपा म्हणाली, "तू बडोद्याला गेल्यापासून अम्मा सलाम फेरताना उजवीकडे लई वेळ मान वळवून बसायची. पोरी हसायच्या, आजीची मान अडकली म्हणून."

मस्कत-कुवेतच्या माझ्या भावांनो, तुम्ही फोनवर विचारता, गावी परत कधी जाणार. मी आता फतेगंजला घर केलंय. मुलं दाराबाहेर पाऊल टाकलं की गुजराती बोलतात आणि जवळा त्यांना आवडत नाही. मी इथलाच झालोय, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. गाव सुटलं, असं मात्र मी म्हणत नाही. दिवसातून पाच वेळा माझी नमाज डावीकडे संपते. तिथे मी जरा थांबतो, आणि मागे पोरं एकमेकांना कोपर मारून हसतात, अब्बांची मान अडकली म्हणून.