मुकुंदरावांच्या मनगटावरचा डाग

मलकपेठेत तेव्हा काचेच्या दारांची नवी औषधदुकानं निघत होती. आत थंडगार हवा, कोपऱ्यात रंगीत टीव्ही. आमचे औषधवाले मुकुंदराव मात्र आपल्या दुकानात जुन्या लाकडी कपाटांपुढे उभे राहून येईल त्याला एकच सवाल विचारायचे, "पहिले कुठल्या गोळीनं अंगावर काही उठलं होतं का?" लोक वैतागायचे. मीही वैतागायची, खोटं कशाला बोलू!

साल चौऱ्याण्णव. मला सातवा महिना आणि रक्त अवघं आठ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रेणू, रक्त वाढलं नाही तर बाळंतपण जड जाईल." त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. मुकुंदरावांनी नेहमीचा सवाल केला, तेव्हा मी सांगितलं की लहानपणी सल्फाच्या गोळीनं अंगभर गांधी उठून तोंड सुजलं होतं.

झालं! शेजारी माझ्या सासूबाई, पद्मावती. त्यांनी पाकीट डोळ्यांशी धरून अक्षरं लावली, "फेरस सल्फेट. म्हणजे सल्फाच की! नक्को बाई, नक्को."

"अक्का, ते औषध वेगळं, हा लोहाचा क्षार वेगळा," मुकुंदराव म्हणाले. "दोन्हीत गंधक आहे, पण गंधक तर कांद्यातही असतं."

"मग आजपासून कांदा बंद!"

घ्या! मला रडूच कोसळलं. पोटातल्या जिवाची भीती वाटत होती आणि या बाई ऐकेनात.

मुकुंदरावांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, खुशाल द्या. सासूबाई तरी हलेनात. मग मुकुंदरावांनी बाही वर केली. मनगटावर रुपयाएवढा काळसर डाग होता.

"मलाही सल्फा चालत नाही. पोटात गेली की याच जागी लाल होऊन जळजळतं. आता बघा." आणि त्यांनी आमच्यासमोर लोहाची गोळी पाण्याबरोबर गिळली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई चष्मा लावून हजर. मुकुंदरावांचा हात उजेडात धरला, डाग अंगठ्यानं चोळून पाहिला. "अजून एक घ्या," म्हणाल्या. तिसऱ्या दिवशीही तेच.

चौथ्या दिवशी मुकुंदराव हात जोडून म्हणाले, "डाग आहे तसाच आहे, अक्का. पोट मात्र गच्च झालंय. आता सोडा मला!"

मी पोट धरून हसले. सासूबाईही हसल्या. "हौ, द्या तिच्या गोळ्या."

मुकुंदरावांनी माझ्या केसपेपरवर लाल शाईनं ठळक लिहिलं, सल्फाचं औषध देऊ नये. "हा कागद जपा," ते मला म्हणाले. "लोह चालतं म्हणून सल्फाची गोळी चालेल असं नाही."

नवव्या महिन्यात रक्त अकराच्या वर गेलं. माझी लेक राणी सुखरूप झाली. बारशाला सासूबाईंनी तिला आधी मुकुंदरावांच्या हातांत दिलं. त्यांनी बारा दिवसांच्या पोरीकडे निरखून पाहिलं आणि सवयीनं विचारलं, "हिला कुठल्या गोळीनं काही उठलं होतं का?"

सगळे खो खो हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "उठलं तर पहिले तुम्हालाच सांगीन."