विझली म्हणायची घाई

चाचणीची आग विझली की आम्ही टाळ्या वाजवायचो आणि मेश्राम मॅडम बाही वर सारायच्या. कापसाच्या रुईच्या जळक्या गाठीच्या पट्ट्या तोडायच्या, थर उकलायच्या आणि आत उघडा हात घालायच्या. हातमोजा घाला म्हटलं तर म्हणायच्या, "मोज्याले काय कळते?" त्यांच्या उजव्या तळव्यावर गुळगुळीत चट्टे होते. चहाचा कप त्या डाव्या हातात धरत.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमचा आग विझवायचे सिलिंडर भरायचा कारखाना. जुन्या हॅलॉन वायूनं आग झटकन बसे, पण तो ओझोनचा थर खातो म्हणून बंद झाला. त्याच्या जागी आलेले वायूही आता एकेक करून बंद होत चाललेत. त्यांना पर्याय शोधणं हे मॅडमचं काम, आणि मी त्यांच्या हाताखाली. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी. त्याचा मला ताठा होता, आजही आहे.

मॅडमनी मात्र मला कधी नावानं हाक मारली नाही. "अरे ग्रॅज्युएट, टाळ्या मंग वाजव. आग दिसून नाही राह्यली, एवढंच झालं."

गेल्या हंगामात मी केलेल्या मिश्रणानं ज्वाला बघता बघता बसली. दारव्ह्याच्या एका जिनिंग कारखान्याला आपल्या रुईच्या गोदामासाठी ते हवं होतं. फक्त मॅडमची सही राहिली होती. त्यांनी गाठ तशीच ठेवायला लावली. सकाळी उकलली, तर आत धुमसत होतं.

आमच्या कारखान्याचे मालक शेठ चिडले. "बाई, आतलं विझवणं तर तुमच्या हॅलॉनलेही जमत नव्हतं!"

"मंग जुन्याची चूक नव्याले माफ काय, शेठ? त्या गोदामात हमाल निजतेत. ज्वाला दिसली तं माणूस पळते तरी."

सही झाली नाही. शेठनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या पुसदला आपल्या घरी गेल्या. खुर्ची मला मिळाली, आणि तिच्यासोबत तोच सहीचा कागद.

मिश्रण मी सुधारलं. काल चाचणी झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पुसदला फोन लावला. "मॅडम, या वेळी विझली वाटते."

"वाटते? तुले हात नाही काय?" त्यांनी फोन ठेवला.

आज सकाळी मी पट्ट्या तोडल्या, बाही सारली. वरचे थर गार. मनगट आत गेलं, तरी गार. शेठ दारातूनच विचारत होते, "झालं ना, साहेब?"

मी हात आणखी आत रेटला. बोटांना चटका बसला.

"नाही झालं, शेठ."