ओ न देणाऱ्या बाई

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. आरोग्य उपकेंद्रात नर्स झाल्यापासून ही माझी जुनी विद्यार्थिनी वर्षातून दोनदाच फोन करते. एकदा शिक्षकदिनाला आणि एकदा साप चावलेला एखादा पेशंट वाचला की. या वेळी दोन्हीपैकी काही नव्हतं. "सर, बाई गेली," ती म्हणाली. "शेवटचे दोन दिवस कोनालेच ओ देली नाई. डॉक्टर म्हनत होते, ऐकू येत नसंल. पन येत होतं सर, मी पाह्यलं ना. खिडकीकडं मान वळवायची अन् तोंड गच्च मिटून घ्यायची..." बोलण्यासारखं माझ्याकडे जे होतं, ते तेरा वर्षं पोटात ठेवून शिळं झालेलं होतं.

सगुणाबाई मडावी आमच्या हायस्कूलच्या प्रभारी मुख्याध्यापिका. 'प्रभारी' हा शब्द त्यांच्या नावाला इतकी वर्षं चिकटला होता, की नवीन पोरांना ते त्यांचं आडनावच वाटायचं. वडशाहून निघालेली बस जिथे थकून परत फिरते, त्या गावाच्या टोकाला ही शाळा. आठवी ते दहावी, तीन खोल्या, पुढे लांब पडवी आणि पडवीच्या कोपऱ्यात घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. मी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. वीजकेंद्राच्या चिमण्या बघून दिशा ओळखणारा. सव्विसाव्या वर्षी विज्ञानाचा मास्तर म्हणून तिथे रुजू झालो आणि महिनाभरात माझी खात्री पटली की शाळा बंद पडायला आली आहे, कारण पटावर साठ पोरं आणि वर्गात वीस. बाई हसल्या. भाताची रोवणी चालू आहे, म्हणाल्या, बाकीची शाळा बांधीत चिखलात उभी आहे, पोळ्यापर्यंत कोरडी होऊन येईल. आली. दिवाळीनंतर गावोगाव मंडईच्या जत्रा आणि रात्रभराची नाटकं सुरू झाली, तेव्हा हीच पोरं सकाळी लाल डोळ्यांनी येऊन बसायची. बाई अशा दिवशी पहिले दोन तास शिकवतच नसत. पोरांना बाकावर डोकं टेकू देत आणि स्वतः छडी घेऊन त्यांच्या तोंडावरच्या माशा हाकत फिरत. मला हे सगळं फार अशास्त्रीय वाटायचं. चिडायचो मी, आणि त्या मला चिडू द्यायच्या.

शाळेतली सात पोरं कोसमटोल्याची होती. टोला म्हणजे वस्ती, अडीच किलोमीटर आत, वाट सगळी जंगलाची. पाच वाजता शाळा सुटली की ही सात एका रांगेत निघायची, सगळ्यांत पुढे दहावीतली सुनंदा. तिच्या टोल्यातून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. वाटेत नाला लागतो. तिथून पुढे आवाज शाळेपर्यंत पोचत नाही. म्हणून नाल्याच्या काठावर थांबून प्रत्येकाने एकेक हाक द्यायची, लहानापासून मोठ्यापर्यंत. बाई पडवीत उभ्या राहून बोटांवर सात मोजायच्या आणि रुळावर दोन टोले द्यायच्या. दोन टोले म्हणजे पोचल्या हाका, जा आता. मग नाल्यापासून घरापर्यंत पोरं एक शब्दही बोलायची नाहीत. ऊन असो, पाऊस असो, बाई हे कुणावर सोपवत नसत. एकदा मी सहज विचारलं की टोले कशाला, नुसतं ओरडून उत्तर दिलं तर काय बिघडेल? बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी प्रयोगशाळेत ॲसिड पिऊ का विचारणाऱ्या पोराकडे बघितलं असतं. "जंगलातल्या हाकेले तोंडानं ओ देत नाई सर," त्या म्हणाल्या. "लोखंडानं द्यायची. लोखंडाचा आवाज घेऊन कोनाले काई करता येत नाई."

डिसेंबरात बाईंना तालुक्याला मीटिंगला जावं लागलं. जाताना दोनदा बजावून गेल्या, सात मोजा, दोन टोले द्या, खोलीवर जा. मी सात मोजल्या. दोन टोले दिले. ऑफिसला कुलूप लावत होतो तेव्हा आठवी हाक आली. बाकीच्या सात हाकांसारखीच होती, फक्त जरा उशिरा. आधी सगळ्यांच्या ऐकून घेतल्या आणि मग दिली, अशी. माझ्या मनात आलं की कुणीतरी पोर मागे राहिलं, किंवा बाई नाहीत म्हणून माझी फिरकी घेताहेत. मी तोंडाशी हात धरला आणि मोठ्याने ओरडलो, "ओऽऽ... कोण रे? काय झालं?" उत्तर नाही आलं. किड्यांची किरकिर थांबल्यासारखी वाटली, पण तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही. खोलीवर जाऊन मस्त वरणभात करून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर सुनंदा मागे रेंगाळली. खाली बघत म्हणाली, "सर, काल तुमी आमच्या मागं आले होते काऊन?" मी कशाला येईन? ती म्हणाली, नाला ओलांडल्यावर उजव्या हाताला, बांबूच्या दाट रांजीतून तुम्ही हाक मारली. कोण रे, काय झालं... तोच आवाज, तेच शब्द. ती वाट सोडून चार पावलं आत गेलीसुद्धा होती. मागच्या पोरांनी ओढणी धरून तिला ओढलं म्हणून बरं. माझ्या अंगावर काटा आला, हे आज कबूल करतो. त्या वेळी मात्र मी तिला म्हणालो की तुला भास झाला असेल, आणि हे कुणाला सांगू नकोस, उगाच लोक हसतील. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीचं तोंड बंद करायला मास्तराला कितीसा वेळ लागतो.

तिसऱ्या दिवशी सातपैकी एकही पोर आलं नाही. नंतरही नाही. बोर्डाची परीक्षा तीन महिन्यांवर होती आणि टोल्यातून निरोप आला की पोरं आता घरीच राहतील, सुनंदाचंही शिक्षण पुरे झालं. बाई मला घेऊन कोसमटोल्याला गेल्या. सुनंदाचे आजोबा टोल्याचे पुजारी. सगळे जमल्यावर त्यांनी एकच विचारलं, त्या दिवशी ओ कोणी दिली? त्यांच्यात रीत अशी, की ज्याने ओ दिली त्याने मोहफूल पडेपर्यंत रोज संध्याकाळी पोरांच्या मागून ती वाट चालायची, मुक्याने. मग ते पोरांचा माग सोडतं. 'ते' म्हणजे काय, हे कुणी सांगितलं नाही. त्याला नाव नव्हतं. म्हातारा एकेकाकडे बघत होता आणि मी माझ्या चपलांकडे बघत होतो. विज्ञानाचा मास्तर असल्या गोष्टींना कसा दुजोरा देईल, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं कारण सोपं होतं. मी घाबरलो होतो. तेवढ्यात शेजारून बाईंचा आवाज आला, "मीनं देली. मी चालतो."

परत येताना मी काहीतरी पुटपुटलो, माफी म्हणा. मी चालतो, असंही म्हणालो; जंगल मागे पडल्यावर धीर येतो माणसाला. बाईंनी मान हलवली. "तुमचा आवाज गेला सर. तुमी त्या वाटेनं गेले तं ते तुमच्याच आवाजात पोराईले फसवन. माझा अजून माझ्यापाशी हाये. तुमी घंटा वाजवा."

पोरं शाळेत परतली. डिसेंबर ते मार्च, रोज पाच वाजता सात पोरं आणि त्यांच्यामागे दुखऱ्या गुडघ्याच्या बाई त्या वाटेने जात. नाल्यावरून सात हाका येत, मी दोन टोले देई आणि पडवीत बसून राही. पोरांना टोल्यात सोडून बाई एकट्या परत येत तोवर दिवस बुडून गेलेला असे. एकदा आठवीच्या वर्गाला पडवीत आणून मी टाळ्या वाजवल्या, ओरडलो, घड्याळ लावून बसलो. प्रतिध्वनीचा प्रयोग म्हणून. प्रतिध्वनी आला नाही. तिथे डोंगरच नाही तर येणार कुठून. आणि तरी किती तरी संध्याकाळी बाई वळणावर दिसण्याच्या आधी नाल्याकडून मला माझाच आवाज ऐकू आला आहे. स्पष्ट. मग थोड्या वेळाने बाई येत, ओठ घट्ट मिटलेले, घोट्यापर्यंत चिखल. पडवीत पाऊल टाकेपर्यंत त्या बोलत नसत. एकदा धीर करून मी विचारलं, तुम्हालाही ऐकू येतं का? त्या आधी लोटाभर पाणी प्यायल्या. "येते ना. तुमच्या आवाजात मले नावानं हाक मारते," त्या म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा आदरानं मारते." आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

मोहफूल पडलं, परीक्षा झाली, सुनंदा पास झाली. पुढे तिच्यामागून टोल्यातल्या किती पोरी शिकल्या ते बाईंना तोंडपाठ होतं. मी त्याच उन्हाळ्यात भद्रावतीच्या शाळेत निघून आलो. बाई अधूनमधून वडशाला भेटायच्या, गुडघा विचारला की तांदळाचा भाव सांगायच्या. मी दर वेळी ठरवायचो की आज टोल्यात जाऊन खरं सांगू, आणि दर वेळी परतीची बस पकडायचो.

बाईंना जाऊन तीन आठवडे झाल्यावर एक दिवसाची रजा काढून मी गेलो. थेट कोसमटोल्याला, सुनंदाच्या आजोबांकडे. डोळे गेले आहेत त्यांचे, कान शाबूत आहेत. पाया पडून मी सांगून टाकलं, ओ बाईंनी दिली नव्हती, मी दिली होती. म्हातारा जमिनीवर काठी फिरवत राहिला. "ठाऊक हाये गुरुजी," तो म्हणाला. "त्या दिशी बाई वडशाच्या बशीत होती. आमच्या टोल्याच्या दोघी संगं होत्या तिच्या." मग का ऐकून घेतलंत, मी विचारलं. तो म्हणाला, "तुमी बोलान म्हनून वाट पाह्यली. तुमी नाई बोलले. आमाले चालनारा पाह्यजे होता." त्याने माझ्याकडे तोंड वळवलं. "तुमच्या आवाजाले एकच पोरगी भुलली. बाईचा आवाज त्याले भेटला असता, तं सातही गेले असते. म्हनून जपत होती ते. मरेपावतर जपलन."

तिथून उठलो तो शाळेत गेलो. पाच वाजले, नव्या मुख्याध्यापकांनी शाळा सोडली. टोल्याची पोरं आता अकरा आहेत. मी कुणाला काही न सांगता त्यांच्या मागे चालू लागलो. नाल्यावर त्यांनी एकेक हाक दिली, पाठीमागून दोन टोले आले. रांगेतली शेवटची पोरगी वळून माझ्याकडे बघत राहिली, हा सर हाक देतो की काय म्हणून. मी मान हलवली. सगळी पुढे निघाली. बांबूच्या रांजीपाशी आलो तेव्हा मला थांबावंसं वाटलं. मला माझ्या आवाजाची भीती नव्हती. दुसऱ्याच एका आवाजाची होती... उजव्या हाताला हाक आली, माझं नाव घेऊन. सव्वीस वर्षांच्या पोराचा आवाज, जरा चढा, जरा आगाऊ. माझा. बाईंचा नव्हता. मी तोंड मिटून घेतलं आणि पोरांच्या मागून चालत राहिलो.