बांध कसा हाय?

ती सकाळ आठवली की आजही आधी हसू येतं.

पेणच्या पोलीस ठाण्यात मी नुकतीच हजेरी आटोपली होती. खाडीकाठचा एक म्हातारा मिठागरवाला आला आणि टेबलावर मोबाइल ठेवून म्हणाला, "साहेब, माझ्या पोराला कुणीतरी कोंडलाय."

मुलगा रोह्याला कंपनीत होता. आधी रोज फोन करायचा, पण महिनाभर नुसते लेखी निरोप येत होते. म्हाताऱ्याला वाचता येत नसल्यामुळे ते फोनच वाचून दाखवी. त्याने बटण दाबलं. बातम्या सांगाव्यात तशी एक बाई बोलली, "आदरणीय बाबा, मी कुशल आहे. आपला दिवस आनंदात जावो."

हवालदार फिसकन हसला. "बाबा, पोरगा सुधारला की!"

"सुधारला नाय, त्यो दुसराच कुणी हाय! परवा अवस झाली. उधाणाला आमच्या मिठागराचा बांध फुटतो. त्या दिशी माझा पोरगा पयला बांध इचारतो. मी फोनात बोलून निरोप धाडला, बांध फुटला. तर ह्यो म्हणतो, शुभेच्छा!"

हवालदाराचं हसू विझलं. मिसिंगची तक्रार दाखल केली, मुलाच्या मोबाइलचं लोकेशन मागवलं. ते निघालं मुलाच्या खोलीचंच. म्हाताऱ्याला जीपमध्ये घेऊन रोहा गाठलं.

खोलीतल्या जोडीदाराने दार अर्धंच उघडलं. मी आवाज चढवला, "बापाला उत्तरं कोण देतंय?"

"कुणीच नाय, साहेब!"

इतका खरा जबाब मला नोकरीत क्वचितच मिळाला. पण बोलताना त्याची नजर आतल्या पडद्याकडे जात होती. मी पडदा सारला. मुलगा कॉटवर बसला होता, गळ्याला पट्टी. जोडीदाराने मग सगळं सांगितलं. गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं. आवाज परत येईल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. बापाला कळू नये म्हणून त्याने फोनमधल्या एका अ‍ॅपला कामाला लावलं होतं: बाबांचं बोलणं ऐकून परस्पर गोड उत्तर लिहायचं. स्वतः ते निरोप ऐकायचा त्याला धीरच होत नव्हता.

म्हातारा दारात येऊन पट्टीकडे बघत राहिला. मुलाने फोन उचलला, अंगठ्याने काही लिहिलं. म्हाताऱ्याचा मोबाइल वाजला. त्याने बटण दाबलं आणि तीच बातम्यांची बाई बोलली, "बाबा, बांध कसा हाय?"

म्हातारा त्याच्या शेजारी टेकला. "हाय तसाच हाय रं येड्या. फुटला म्हणून खोटंच सांगितला, तुला बोलता कराया."

मिसिंगवर 'मिळून आला' असा शेरा मारला. पण तेव्हापासून हरवलेल्याचा रंग आणि उंची लिहून घेण्याआधी मी घरच्यांना विचारू लागलो, "फोन केला की तो पहिलं काय विचारतो?"