डिशीवरच्या कुरडया

वकिलाच्या घरात कायद्याला कोणी विचारत नाही. रामदासपेठेतल्या आमच्या घरी तर वकिलालाही विचारत नसत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझा साळा बंडू वाडी गावातल्या एका वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी जाळीची भलीमोठी डिश बनवून घेऊन आला आणि आमच्या गच्चीवर बसवून मोकळा झाला. (स्वतःच्या गच्चीवर? छे! त्याची बायको शहाणी आहे.)

"भाऊजी, आता घरबसल्या रशियाचा टीव्ही!"

"अन् परवाना?"

"आभाळातून आपसूक पडून राहिलं, त्याले काहून परवाना लागंन जी?"

मी पुस्तकं चाळली. परवाना लागत होता! पण तोवर बायको टीव्हीसमोर बसली होती. बाहेर नागपूरचा मे महिना आणि पडद्यावर गुडघाभर बर्फ! भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं, पण "पाहूनच थंड वाटते" असा तिचा निकाल लागला आणि माझं अपील फेटाळलं गेलं.

अशात आमच्या लेकीला, सुमनला, पाहायला येणार असल्याचा निरोप आला. मुलगा तिच्याच कॉलेजातला, तिला मनापासून आवडलेला. आणि मुलाचे वडील? असल्याच यंत्रांचे परवाने तपासणारे सरकारी अधिकारी!

"बंड्या, डिश उतरव!"

"कशी उतरवू? पक्की वेल्डिंग आहे ना!"

शेवटी बायकोने डिशीवर जुनी धोतरं अंथरली आणि त्यावर कुरडया घातल्या. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया नसत्या तरच कोणी संशय घेतला असता. मी तिच्या अकलेला मनोमन हात जोडले.

पोहे झाले, चहा झाला. तळलेली कुरडई तोंडात टाकून साहेब म्हणाले, "वा! घरची का?"

"आमच्या ताईच्या हातची जी!" बंडू फुगला. "वर ढीगभर वाळून राहिल्या. चला, दाखवतो!"

(साळा! देवाने हा प्राणी कशासाठी घडवला असेल?)

गच्चीवर साहेबांनी आधी कुरडई उचलली, मग धोतर, मग भुवया.

"वकीलसाहेब, हा तर गुन्हा आहे." मग साहेबांनी आवाज खाली आणला. "असं करा, पोरीसोबत हे पण आमच्याकडं पाठवून द्या. घरातल्या घरात कशाचा गुन्हा?"

मी घसा साफ करतोय तोवर मागून सुमनचा आवाज आला, "काका, हुंडा मागणं कायद्यात बसते काय?"

खलास! साहेब ताडताड जिना उतरले. मुलगाही चपला घालून बापामागे गेला. सुमन त्या दिवशी जेवली नाही. त्या साहेबाला मी दिलेल्या शिव्या आजही संपलेल्या नाहीत.

आठवड्याभरात सरकारी माणसं आली आणि डिश कापून, जप्त करून घेऊन गेली. कुरडयांसकट! कायद्याने बरोबरच होतं. पुढे एकदा साहेबांच्या घरावरून गेलो, तर त्यांच्या गच्चीवर आमचीच डिश!

पोरगी न देता हुंडा पोचवणारा अख्ख्या नागपुरात मी एकटाच बाप असेन!