जांभळ्या उजेडाची खोली

"फुप्फुसात न्यूमोनिया आहे, पण तो साधा वाटत नाही," कॅन्सरच्या डॉक्टर मॅडम सीटी स्कॅनची फिल्म खिडकीकडे धरून म्हणाल्या. "फंगल असू शकतो. म्हणजे बुरशीचा. घरी ओल आहे का कुठे? सडका चारा, कोंदट खोली? असं काही रंजनाताईंच्या श्वासात गेलंय का?"

मी म्हणालो, "नाही मॅडम."

इतकं सरळ खोटं मी जन्मात बोललो नव्हतो. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. तीस वर्षं मी बुरशीशीच भांडतोय. भुरी आणि डावणी, या दोन रोगांनी माझे केस पिकवले. कोंदट खोलीत काय वाढतं हे मला डॉक्टरांनी शिकवायची गरज नव्हती. आणि तशी एक खोली माझ्या घरामागे होती.

ज्यांच्या घरात केमो चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं हसं झालं तरी चालेल.

रंजना माझी बायको. द्राक्षांची काढणी उरकता उरकता तिच्या छातीतली गाठ लक्षात आली. ऑपरेशन झालं, मग केमोथेरपी सुरू झाली. यात कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं सलाईनमधून देतात, पण ती चांगल्या पेशींनाही सोडत नाहीत. दर एकवीस दिवसांनी आम्ही नाशिकला जायचो. मॅडम विचारायच्या, "कसं वाटतंय?" रंजना म्हणायची, "बरंय." मी शेजारी बसून मान डोलवायचो. मोठ्या माणसापुढे रडगाणं गाऊ नये, हे आमच्याकडचं वळण. पाहुणा असो, तलाठी असो, नाहीतर डॉक्टर, उत्तर एकच.

बरं काहीच नव्हतं. परतताना नाशकातल्याच द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये पिशवी तोंडाला लावावी लागायची. पुढचे चार-पाच दिवस उलट्या. भाकरीचा वास आला तरी पदर नाकाला. बागेत घडातले जादा मणी काढायच्या, विरळणीच्या वेळी दहा बायांना मागे टाकणारी बाई न्हाणीच्या उंबऱ्यावर नुसती बसून राहायची. एकदा म्हणाली, "मला नाय जायचं आता सुई टोचायला. मेले तं मेले." त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना.

मग मोबाईल हातात आला आणि माझी अक्कल गहाण पडली. गांजाच्या झाडातल्या घटकापासून केलेलं औषध परदेशात केमोच्या उलट्यांवर देतात, असा व्हिडिओ पाहिला. ते औषध कारखान्यात तयार होतं, मोजून मापून देतात, हे त्यातच सांगितलं होतं. मी तेवढं कानाआड केलं. आपल्याकडे घरी असं झाड लावणं गुन्हा आहे हेही मला ठाऊक होतं. पण झाड म्हटलं की द्राक्षवाल्याला वाटतं, आणा, त्यात काय एवढं! बी कुठून आणलं आणि पुढे काय करून तिला दिलं ते लिहिणार नाही. कुणी करूही नये.

घरामागे बेदाणा ठेवायची जुनी खोली होती. द्राक्षाची खुंटरोपं, म्हणजे ज्यांवर कलम बांधतात ती रोपं, वाढवून बघायला मी तिथे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या लावल्या होत्या. त्यांच्याखालीच ही रोपं ठेवली. खिडक्यांना मल्चिंगचा, म्हणजे वाफ्यावर अंथरतात तो, काळा कागद लावला. तरी फटीतून जांभळा उजेड अंगणात सांडायचा. शेजारी विचारायचे. मी सांगायचो, खुंटरोपं आहेत. रंजना म्हणायची, "साऱ्या गावात आपल्याच घरी डिस्को लागलाय." गाठ सापडल्यापासून ती पहिल्यांदा हसली ती त्या डिस्कोवर. मला वाटलं, जिंकलो.

रोपं जोमात आली. बागेतल्या सवयीने मी रोज पान उलटून मागची बाजू बघायचो. आणि एक गोष्ट पक्की ठरवली होती, औषधाचा एक थेंबही फवारायचा नाही. आमच्या भागात रेसिड्यू हा शब्द शेंबड्या पोरालाही माहीत असतो. द्राक्षात फवारणीचा अंश सापडला की परदेशातून कंटेनर परत येतो. ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी मी इतकी वर्षं अंश सांभाळले, मग घरच्या माणसासाठी नको? या बिनविषारी मालाचा मला कोण गर्व!

गणपतीच्या तोंडावर पावसाची झड लागली होती. काढलेला माल मी बेदाण्यासारखा जाळीवर पसरून त्या बंद खोलीतच वाळवला. बेदाणा वाळतो तो उन्हाळ्याच्या तोंडच्या कोरड्या हवेत, हे माझ्यासारख्या शहाण्याला तेव्हा आठवलं नाही. विषाची भीती इतकी मोठी होती की ओलीकडे लक्षच गेलं नाही.

"द्या इकडं, मी निवडते. हाताला काम तरी व्हईल," रंजना म्हणाली. सूप मांडीवर घेऊन दारात बसली. मेथी निवडावी तशा काड्या बाजूला काढत होती, मधूनच पाखडत होती, फुंकर मारत होती. बारीक धूळ उडत होती. मी चहाचा कप घेऊन समोर बसलो होतो. बायको पुन्हा कामाला लागली म्हणून माझे डोळे भरून आले होते. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिने त्या आठवड्यात अर्धी भाकरी खाल्ली. त्या पाल्यामुळे की माझ्या आग्रहामुळे, देव जाणे. श्रेय मात्र मी घेतलं.

पुढच्या केमोनंतर दहाव्या दिवशी ताप आला, मग कोरडा खोकला. हॉस्पिटलात भरती केलं. रक्तात न्यूट्रोपेनिया निघाला, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार कमी झालेल्या. अँटिबायोटिक्स चालू असूनही ताप हटेना, म्हणून सीटी स्कॅन केला. त्यावरच मॅडमनी तो ओलीचा प्रश्न विचारला होता.

"नक्की ना?" त्यांनी पुन्हा विचारलं होतं. "मग आणखी दोन दिवस बघू. बुरशीवरचं औषध लिव्हरला जड असतं. उगाच नको."

मी पोलिसांना घाबरलो. शिवाय मनाची समजूत घातली, आपण तर खायला दिलं होतं, श्वासाचा काय संबंध? ते दोन दिवस मी वेटिंग रूममध्ये काढले. दुसऱ्या दिवशी रंजनाला ऑक्सिजन लावला. मास्कच्या आतून तिने मला नुसतं बघितलं. बोलायला दम नव्हता.

मी बाहेर येऊन बसलो. समोर पेठ तालुक्याकडची एक बाई पेशंटच्या डब्यासाठी मेथी निवडत होती. जुडी पदरात घेऊन ओणवी झाली होती, नाक अगदी पाल्याजवळ. मला सूप दिसलं. फुंकर दिसली. धूळ दिसली.

नंबर नसताना मी मॅडमच्या केबिनमध्ये घुसलो आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. झाड, दिवे, खोली, सूप. सांगताना रडलो.

मॅडमनी आधी फोन उचलून सूचना दिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मी डॉक्टर आहे, पोलीस नाही. दोन दिवस घालवलेत तुम्ही." मी खाली बघत होतो. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि उलट्या थांबत नव्हत्या तर मला का नाही सांगितलं? उलटीवर एकच औषध असतं का? बदलून दिलं असतं. मी दर वेळी विचारत होते."

पोलीस आले असते तरी मला एवढं लागलं नसतं.

ब्रॉन्कोस्कोपी झाली, म्हणजे नळीने फुप्फुसातलं पाणी काढून तपासलं. ॲस्परजिलस नावाची बुरशी निघाली. निरोगी माणूस ती रोज श्वासात घेतो आणि काही होत नाही. पांढऱ्या पेशी नसलेल्याला ती मारू शकते. त्याच दुपारी औषध सुरू झालं. व्होरिकोनॅझोल. बाटलीवरचं नाव मी दोनदा वाचलं. भुरीवर मी बागेत मारतो ते हेक्झाकोनॅझोल याच घराण्यातलं. ज्या कुळाचा थेंबही तिच्या पोटात जाऊ नये म्हणून जपलं, तेच आता तिच्या शिरेतून जात होतं, आणि मी हात जोडून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अवो, भिंत जांभळी दिसतीये." मी धावत जाऊन मॅडमना गाठलं. मॅडम म्हणाल्या, या औषधाने काही दिवस रंग वेगळे दिसतात, जाईल ते. गेलंही.

ताप उतरायला आठवडा लागला, ऑक्सिजन निघायला आणखी काही दिवस. तिला घरी आणण्याआधी मी फवारणीचा मास्क लावून ती खोली मोकळी केली, धुतली, खिडक्यांचा कागद फाडला. आता तिथे नुसतं ऊन येतं.

राहिलेले केमो लांबले. पुढे काय होईल हे मॅडमही सांगत नाहीत, आम्हीही खोदून विचारत नाही.

परवा तपासणीला गेलो. मॅडमनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"ब..." रंजनाच्या तोंडून निघालंच होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीत नीट बसली. "बरं नाय वाटत, मॅडम. तोंड आलंय. पायाला मुंग्या येत्यात. सकाळी मळमळतं, अन् भीती लय वाटती."

मॅडमनी पेन उघडलं.

मी खुर्ची पुढे ओढली. "आणि जिना चढताना मध्ये दोनदा थांबते," म्हणालो, "ते ती सांगायची नाही. तेही लिहा."