परिषदेने जे सांगितलंच नव्हतं

सुरगाण्याच्या डोंगरातल्या त्या पाड्यावर बुधा भोयेला सगळे मास्तर म्हणत, पण शाळेत त्याने कधी शिकवलं नव्हतं. तो चर्चचा धर्मशिक्षक. फादर महिन्यातून एकदा जीपने येत. मधल्या दिवसांत प्रार्थना घ्यायची, पोरांना धर्मशिक्षण द्यायचं, मरणाऱ्याच्या उशाशी बसायचं, हे सगळं बुधाकडे. उरलेल्या वेळात स्वतःचं भात आणि नागली. शिक्षण सातवीपर्यंत, पण जे शिकला ते मुखोद्गत. 'मास्तर, हे खरं कशावरून?' असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे.

"परिषदेनं सांगितलंय. परिषद चुकत नाय."

परिषद म्हणजे धर्माचे निर्णय घ्यायला भरलेली जगभरच्या बिशपांची सभा. नायसिया, ट्रेंट, व्हॅटिकन ही अशा परिषदांची नावं तो बाऱ्हे-उंबरठाणच्या बाजाराला जाऊन आल्यासारखी घेई.

याच उत्तराने त्याने एकदा एका आईला फार दुखवलं होतं. साल एकोणसत्तर. आवणीचे, म्हणजे भाताची रोपं लावायचे दिवस. मंगळू आणि कुसाबाईचं पहिलं मूल तीन दिवसांचं होतं. सकाळी मंगळू धावत बुधाच्या बांधावर आला.

"मास्तर, पोराला दम लागलाय. बाप्तिस्मा द्याया चला."

बुधाची रोपं उपटून पडली होती. ती सुकली असती. "एवढं खाचर लावतो नि आलोच," तो म्हणाला. पोचेपर्यंत दुपार झाली. बाळ गेलं होतं.

कुसाबाईने त्याला मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "माझं पोर देवाकडं गेलं ना, मास्तर?"

बुधाला तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरांनी शिकवलं होतं तेच त्याने सांगितलं. बाप्तिस्म्याशिवाय गेलेली बाळं स्वर्गात जात नाहीत. त्यांची जागा वेगळी, तिला लिंबो म्हणतात. तिथे दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही.

"मग आमची भेट?"

"नाय."

"असं कोण म्हणतं?"

"परिषद," बुधा म्हणाला. बाप्तिस्मा नाही म्हणून बाळाला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं.

कुसाबाईने पुन्हा कधी विचारलं नाही. तिला पुढे तीन मुलं झाली. मंगळू वारला. रविवारी ती चर्चमध्ये अगदी मागे, दाराशी बसायची. बुधा प्रार्थना सांगताना सगळ्यांकडे बघायचा, त्या दाराकडे तेवढं बघायचा नाही. आपण रोपं लावत बसलो होतो हे त्याने कुणाला सांगितलं नाही. परिषदेचं नाव घेतलं की ते जरा झाकलं जायचं.

पंच्याण्णवच्या एप्रिलात नाशिकला धर्मशिक्षकांचं शिबिर होतं. नगरकडचे फादर साळवे परिषदांवर बोलायला उभे राहिले. तरुण माणूस, बोलणं सावकाश.

"परिषदेत बसलेली माणसं कधीच चुकत नाहीत, असा याचा अर्थ नाही," ते म्हणाले. "जगभरचे बिशप पोपसोबत एकत्र बसून 'हे सर्व ख्रिस्तसभेने कायमचं मानायचं' म्हणून श्रद्धेची जी गोष्ट ठरवतात, तिथे पवित्र आत्मा चूक होऊ देत नाही. ते आपल्यावर बंधनकारक. पण धर्मपंडितांची मतं वेगळी. शेकडो वर्षं शिकवली म्हणून ती परिषदेचा शब्द होत नाहीत. आता लिंबोच घ्या."

बुधाची पेन्सिल थांबली. तो उभा राहिला.

"फादर, लिंबो परिषदेनं सांगितलेलं नाय?"

"नाही. कुठल्याच परिषदेने ते श्रद्धेचं तत्त्व म्हणून ठरवलेलं नाही."

जेवणाच्या सुट्टीत बुधा ताट न घेताच त्यांच्यामागे गेला. रोपांपासून कुंपणापर्यंत सगळं सांगितलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

फादरांनी हातातलं ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मास्तर, तुम्हाला अर्धंच सांगणार नाही. फ्लॉरेन्सच्या परिषदेचं एक कठीण वाक्य आहे. आदिपाप, म्हणजे माणसाला जन्मासोबत लागलेलं आणि बाप्तिस्म्याने धुतलं जाणारं पाप, ते घेऊनच जो मरतो, त्याला देवाचं दर्शन नाही. ते वाक्य मी पुसू शकत नाही. पण अमुक एक मूल आदिपाप घेऊनच मेलं, असं परिषद सांगत नाही. शेवटच्या श्वासाला देवाने त्या बाळाशी काय केलं, ते पाहायला कोण होतं? बाप्तिस्म्याच्या नियमाने आपण बांधलेले आहोत. देवाचे हात त्याने बांधले जात नाहीत. आपण ते बाळ त्याच्या दयेवर सोपवायचं आणि आशा धरायची. तुम्ही त्या आईला 'नाय' म्हणालात. तो शब्द परिषदेचा नव्हता."

"माझा होता," बुधा म्हणाला.

शिबिराचे दोन दिवस उरले होते, पण तो दुसऱ्या सकाळीच एसटीत बसला. सुरगाण्याहून जीप मिळाली. पाड्यावर उतरला तो घरी गेलाच नाही.

कुसाबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. बुधा उन्हातच खाली बसला.

"कुसाबाई, तुझ्या पोराचं म्या चुकीचं सांगितलं. परिषदेनं तसं सांगितलंच नव्हतं. आन त्या दिवशी म्या रोपं लावीत बसलो, म्हणून उशीर झाला."

ती फुलं पसरत राहिली. "रोपांचं मला ठाव होतं. तुमचे पाय चिखलानं भरलेले होते."

"मग बोलली का नाय?"

तिने हात पुसले. "मास्तर, तुमची वाट बघून बघून म्या पाणी घातलं होतं. मडक्यातलं. त्याच्या डोक्यावर."

बुधा दचकला. फ्लॉरेन्सच्याच परिषदेने म्हटलं होतं की अडचणीच्या वेळी बाईमाणसानेही बाप्तिस्मा दिला तर तो खरा. त्याला ते पाठ होतं. पाड्यावरच्या बायांना मात्र त्याने कधी शिकवलं नव्हतं. त्यांना जमायचं नाही, असं त्याला वाटायचं.

"काय म्हणून घातलंस?"

"म्हणलं, देवा, हा तुझा. येशूच्या नावानं घे."

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने, असं म्हणायला हवं होतं; त्याशिवाय बाप्तिस्मा नियमात बसत नाही. शब्द बुधाच्या ओठांपर्यंत आले. त्याने ते गिळले.

"आन हे मला सव्वीस वर्सं नाय सांगितलंस?"

"तुम्ही म्हणलं असतं, नाय चालत," कुसाबाई म्हणाली. "मग माझ्याकडं तेवढंबी उरलं नसतं."

बुधाला रडू आलं. म्हाताऱ्या माणसाला येतं तसं, आवाज न होता. तिने आत जाऊन पाणी आणलं आणि तो पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली.

त्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, फादर साळवे पाड्यावर आले आणि त्यांनी कुंपणाबाहेरच्या त्या जागेवर प्रार्थना म्हटली. जागा नेमकी कुठली ते फक्त कुसाबाईला ठाऊक होतं. आठवड्याने बुधाने चार माणसं घेऊन कुंपणाचे खांब उपटले आणि त्या जागेच्या पलीकडे नेऊन रोवले. कुणाची परवानगी विचारली नाही.

मग त्याने बायांना जमवलं. मध्ये एक भोपळा ठेवला, बाळाचं डोकं म्हणून. एकेकीने लोटीने पाणी घालायचं आणि शब्द म्हणायचे. भागीबाईच्या हातून भोपळा घरंगळला, तशा सगळ्याजणी हसत सुटल्या, बुधासुद्धा. पुढे कित्येक वर्षं, आवणीच्या आधी, हा वर्ग होत राहिला.

दोन हजार सातमध्ये रोमच्या पंडितांच्या एका समितीचा लांबलचक लेख आला. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असं त्यात होतं. फादर साळवे मुद्दाम पाड्यावर आले आणि ओसरीवर बसून त्यांनी त्यातला थोडा भाग मराठीत सांगितला. बुधा सत्तरीपार गेला होता, कानाने कमी ऐकू येई. शेजारी कुसाबाई.

"ही परिषद का, फादर?" बुधाने विचारलं.

"नाही मास्तर. समिती आहे. बंधनकारक नाही."

बुधाने कुसाबाईकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला. "तरी चालंल. वाचा पुढं."